घरचें विज्ञान : माळ्यावरचा संगणक आणि तीन व्होल्टांची चिप

ज्या घरांत संगणक येऊन वीस-पंचवीस वर्षें लोटलीं आहेत, अशा पुष्कळ घरांत तो पहिला संगणक अद्यापि माळ्यावर किंवा जिन्याखालच्या अडगळींत पडलेला आढळतो. विकावयास काढला तर भंगाराचा भाव येतो आणि टाकून द्यावयास मन होत नाहीं. म्हणून पाट्या-वरवंट्याच्या शेजारीं त्यास जागा मिळालेली असते. त्याची पाठ फिरवून पाहिली असतां तेथें पंचवीस भोंकांची, दोन ओळींची एक लांबट जोडणी दिसते. हाच पॅरलल पोर्ट. पूर्वीं घरचा प्रिंटर ह्याच भोंकांस जोडीत असत.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे ह्या पोर्टाविषयीं एकच प्रश्न निरनिराळ्या रूपानें विचारलेला दिसतो. घरांतील एखादा शिकता मुलगा किंवा मुलगी ह्या जुन्या संगणकास मायक्रोकंट्रोलर नांवाची नखाएवढी चिप जोडूं पाहते. थोरल्यांस भीति वाटते कीं, ह्यांत संगणक जळेल, चिप जळेल, कीं पोरास विजेचा धक्का बसेल ? परवानगी द्यावी कीं नाहीं ? आमचें उत्तर असें कीं, परवानगी अवश्य द्यावी. मात्र त्यापूर्वीं दोन्ही यंत्रांच्या सोशिकपणांतील अंतर, तें अंतर सांभाळणारा मध्यस्थ आणि घरची अर्थिंगची तार, ह्या तीन गोष्टी मुलाकडून नीट समजावून घ्याव्या. ज्यास त्या सांगतां येतील त्याच्या हातीं यंत्र सुरक्षित आहे. ज्यास सांगतां येणार नाहींत त्यास आणखी आठ दिवस वाचूं द्यावें.

प्रथम पोर्टाची ओळख करून घेऊं. सेंट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीनें १९७० सालीं आपल्या प्रिंटरास जी तारांची जोडणी ठेविली, तीच पुढें इतरांनीं उचलली. आणि १९८१ सालीं आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला तेव्हां त्यांत ती पंचवीस टोंकांच्या आटोपशीर रूपांत आली. १९९४ मध्यें आयईईई १२८४ ह्या क्रमांकाच्या मानकानें तिचे नियम लिहून ठेवण्यांत आले. ह्या पंचवीस टोंकांपैकीं २ ते ९ हीं आठ टोंकें संगणकांतून माहिती बाहेर नेणारीं. १, १४, १६ व १७ हीं चार हुकूम देणारीं. १०, ११, १२, १३ व १५ हीं पांच उलट दिशेनें प्रिंटरचा निरोप आणणारीं. आणि १८ ते २५ हीं उरलेलीं आठ शून्य दाबाचीं, म्हणजे ज्यांस ग्राउंड म्हणतात तीं होत. ह्यांतील १, १४, १७ व ११ ह्या चार टोंकांचा अर्थ उलटा असतो : आज्ञावलींत 'एक' म्हटलें कीं तारेवर 'शून्य' दिसतें. नवशिक्याचे दोन-चार दिवस ह्या उलटेपणांतच जातात, हें आधींच सांगून ठेवितों.

ह्या पोर्टाची खरी थोरवी त्याच्या साधेपणांत आहे. संगणकाच्या एका ठराविक पत्त्यावर, बहुधा षोडशमान पद्धतींतील ३७८ ह्या पत्त्यावर, आज्ञावलीनें एक आंकडा लिहिला कीं त्या आंकड्याचे आठ अंश आठ तारांवर तत्काळ उभे राहतात. 'एक' लिहिलें कीं पहिली तार उठते, 'दोन' लिहिलें कीं दुसरी, 'तीन' लिहिलें कीं दोन्ही. एका तारेस एक रेझिस्टर व लहानसा एलईडी दिवा लावून ठेविला, तर आज्ञावलीची एक ओळ तो लावते व दुसरी ओळ विझविते. आजच्या यूएसबीच्या तारेंतूनही अखेर अंशच जातात. परंतु तेथें दोन्ही बाजूंस इतके मध्यस्थ बसलेले असतात कीं, आपण लिहिलेल्या आंकड्याचें काय झालें हें मुलास डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. द्विमान गणित वहींत सोडविणें निराळें आणि तें आठ दिव्यांवर पाहणें निराळें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे गणन, स्मरण आणि बाहेरच्या तारा हालविण्याची शक्ति हीं तिन्ही एकाच चिपमध्यें आणलेला लहान संगणक. उदाहरणादाखल एटीमेगा ३२८पी ही चिप घेऊं. शाळा-कॉलेजांत परिचित असलेल्या आर्डुइनो ऊनो ह्या फळीवर हीच असते. ॲटमेल कंपनीची ही चिप. ती कंपनी २०१६ सालीं मायक्रोचिपनें विकत घेतली. ही चिप १.८ व्होल्टांपासून ५.५ व्होल्टांपर्यंत कोणत्याही दाबावर चालते. मग ती पांचांवरच कां चालवूं नये, असें कोणी विचारील. चालवावी, आणि पांचांवर चालविली तर पुढील बराच खटाटोप वांचतो. परंतु तिच्या शेजारीं बसणारीं मेमरी कार्डें व नवीं मापकयंत्रें बहुधा ३.३ व्होल्टांच्या वर जाऊं नयेत अशीं असतात, आणि सेलांवर चालणाऱ्या यंत्रास तर दाब कमी तितका चांगला.

दाब असा उतरत कां गेला, ह्यास कारण आहे. चिपमधील ट्रान्झिस्टर जसजसे लहान झाले, तसतसा त्यांतील निरोधक थर पातळ झाला व अधिक दाब सोसण्याची त्याची शक्ति कमी झाली. शिवाय अशा चिपचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ५ व्होल्टांऐवजीं ३.३ व्होल्ट दिले तर त्याच गतीनें तेंच काम सुमारें ४४ टक्के शक्तींत होतें. म्हणून नवी पिढी अशक्त झाली असें म्हणणें बरोबर नाहीं. ती थोडक्यांत भागविणारी झाली. मात्र जुन्या पिढीच्या सहज स्वरानेंही तिला इजा होऊं शकते.

ही इजा कशी होते तें पाहूं. आपली चिप दोन साध्या सेलांवर, म्हणजे ३ व्होल्टांवर, चालली आहे असें धरा. तिच्या कोणत्याही साध्या पायावर तिच्या पुरवठ्याहून अर्ध्या व्होल्टापेक्षां अधिक दाब येऊं नये, असें निर्मात्यानें माहितीपत्रांत बजाविलें आहे. म्हणजे मर्यादा झाली ३.५ व्होल्टांची, आणि पोर्टाची उठलेली तार ५ व्होल्टांपर्यंत जाऊं शकते. चिपच्या जवळ जवळ प्रत्येक पायापासून तिच्या पुरवठ्याकडे उघडणारी एक एकमार्गी झडप आंत बसविलेली असते. तिला डायोड म्हणतात. बाहेरून अवचित आलेला क्षणभराचा लोंढा बाजूस काढून देणें एवढेंच तिचें काम. पांच व्होल्टांची तार जोडून ठेविली कीं ही झडप सतत उघडी राहते, तींतून प्रवाह पुरवठ्यांत शिरतो, झडप तापते, आणि चिप त्याच दिवशीं नाहीं तरी पुढें केव्हां तरी दगा देते.

ह्याहून फसवा प्रकार दुसरा. चिपचे सेल काढून ठेविले आहेत, पण केबल लागलेली आहे. अशा वेळीं त्याच झडपेंतून शिरलेल्या प्रवाहावर चिप चालूं लागते! १.८ व्होल्टांवर, सेकंदास दहा लक्ष ठोक्यांच्या गतीनें चालतांना तिला अवघा ०.२ मिलिअँपियर प्रवाह पुरतो. एवढा प्रवाह एका निरोपाच्या तारेंतूनही सहज येतो. पाहणाऱ्यास वाटतें कीं, यंत्र सेलांवांचून चालतें, हा काय चमत्कार ! वस्तुतः ती अर्धवट जागृति असते. अशा स्थितींत चिप भलतेंच लिहिते, भलतेंच वाचते, आणि मुलगा आपल्या आज्ञावलींत नसलेली चूक रात्रभर शोधीत बसतो.

"आम्ही तर तारा सरळच जोडल्या होत्या, कांहींच झालें नाहीं," असें सांगणारेही भेटतात. ते खोटें बोलत नाहींत. आयबीएमच्या मूळच्या कार्डावर ७४एलएस३७४ नांवाची टीटीएल जातीची चिप होती. त्या जातीची उठलेली तार पुरत्या पांचांवर न जातां बहुधा ३.४ व्होल्टांच्या आसपास थांबते, निदान २.४ व्होल्ट मिळतील एवढीच तिची हमी असते. पुढच्या काळांतील संगणकांतल्या पोर्टांची तार मात्र पांचांच्या जवळ जाऊं शकते. म्हणून एकाच्या घरीं जें निभावलें तें दुसऱ्याच्या घरीं निभावेलच असें नाहीं. आपल्या पोर्टाची उठलेली तार किती व्होल्टांवर जाते हें मल्टिमीटरनें आधीं मोजावें. शेजाऱ्याच्या अनुभवावर चिप पणास लावूं नये.

आतां उपाय. पहिला व स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक तारेंत एक रेझिस्टर घालणें. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घातला तर झडपेंतून जाणारा प्रवाह अगदीं वाईट वेळींही एक मिलिअँपियरच्या आंत राहतो, आणि चिप जळण्याचें भय बरेंच कमी होतें. परंतु वर सांगितलेली अर्धवट जागृति ह्यानें टळत नाहीं. कारण तिला त्याच्या पांचव्या हिश्शाएवढाही प्रवाह पुरे आहे. दुसरा उपाय दोन रेझिस्टरांची वांटणी. वर १० व खालीं १५ किलोओहम ठेविले तर मधल्या सांध्यावर पांचांचे बरोबर तीन व्होल्ट होतात. कागदावर हें फार सुंदर दिसतें. परंतु वांटणी जें येईल तें वांटते, इतकें आलें पाहिजे अशी तिची अट नसते. पोर्ट टीटीएल जातीचा असला व त्यानें ३.४ व्होल्टच दिले, तर सांध्यावर अवघे २.०४ उरतात. चिपच्या साध्या पायास 'एक' समजण्यास पुरवठ्याच्या सहा दशांश, म्हणजे १.८ व्होल्ट लागतात. तेव्हां तेथें कसेंबसें भागतें. रीसेटच्या पायास मात्र नऊ दशांश, म्हणजे २.७ लागतात, तेथें ही वांटणी निखालस कमी पडते. आणि पोर्टानें हमीपुरते २.४ व्होल्टच दिले, तर साध्या पायावरही १.४४ च येतात व सगळेंच बोलणें खुंटतें.

ह्यास्तव आम्ही तिसऱ्या उपायाची शिफारस करितों, आणि तो म्हणजे मध्यें बफर नांवाची मध्यस्थ चिप बसविणें. मध्यस्थ कसा असावा ? त्याचें पोषण दुबळ्या बाजूकडून, म्हणजे तीन व्होल्टांवर, व्हावें. बलवान् बाजूचे पांच व्होल्ट त्यास सोसावे. आणि बलवान् बाजू कधीं हळू बोलली तरी तें त्यास ऐकूं यावें. ७४एलव्हीसी२४४ ह्या चिपमध्यें हे तिन्ही गुण आहेत. तीन व्होल्टांवर चालत असतां ती ५.५ व्होल्टांपर्यंतचा दाब आपल्या प्रवेशावर सोसते. २ व्होल्टांच्या वरचें सर्व 'एक' समजते, म्हणून टीटीएलची २.४ व्होल्टांची हमी तिला पुरते. आणि तिचे सेल काढले असतां ती आपलीं दारें मिटून घेते, त्यामुळें चोरवाटेनें प्रवाह शिरत नाहीं. पलीकडे ती जवळ जवळ पुरे तीन व्होल्ट देते, म्हणून रीसेटचीही अडचण राहत नाहीं.

येथें नांवांतील दोन अक्षरांकडे लक्ष द्यावें. जुन्या पुस्तकांत व आकृत्यांत ह्याच कामीं ७४एचसी२४४ ही चिप दाखविलेली असते, आणि पांच व्होल्टांच्या यंत्रास ती अगदीं योग्य आहे. पण तिच्या प्रवेशावरही वर सांगितलेल्या झडपा आहेत. तिला तीन व्होल्टांवर बसवून पांचांची तार जोडली, तर जें दुखणें चिपचें होतें तें मध्यस्थाचें होतें, एवढाच फरक. एलव्हीसी जातीची चिप लहान पायांची असते व तिला डाख देण्यास हात स्थिर लागतो. ज्यास तें जमत नसेल त्यानें मोठ्या पायांची ७४एचसी४०५० घ्यावी. हीही प्रवेशावर अधिक दाब सोसते. मात्र तिला दार उघडण्या-मिटण्याची सोय नाहीं.

परतीची वाट सोपी आहे. चिपनें पाठविलेले तीन व्होल्ट संगणकास पुरतात, कारण टीटीएलच्या नियमाप्रमाणें २ व्होल्टांच्या वर असलेलें सर्व 'एक' होय. तरी परतीची तारही त्याच मध्यस्थांतून न्यावी. संगणकाच्या आंतून कधीं कधीं ह्या तारेस पांच व्होल्टांकडे ओढून धरलेलें असतें.

प्रत्यक्ष जोडणीसाठीं एसटीके२०० ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली जुनी मांडणी सोयीची आहे. तींत पोर्टाचें सहावें टोंक ताल धरतें, सातवें माहिती नेतें, नववें रीसेट सांभाळतें, दहावें उत्तर आणतें. आणि चौथें व पांचवें मध्यस्थाचीं दारें उघडतें-मिटतें. ह्यांशिवाय १८ ते २५ पैकीं निदान दोन-तीन टोंकें चिपच्या शून्याशीं जोडावीं. हीं जोडलीं नाहींत तर दोघांस एकमेकांचें 'एक' आणि 'शून्य' कशाहून मोजावें हेंच कळत नाहीं.

बोलणें पुढीलप्रमाणें चालतें. संगणक रीसेटची तार खालीं दाबून धरतो, निदान वीस मिलिसेकंद थांबतो, आणि षोडशमानांत एसी, ५३, ००, ०० असे चार आंकडे एकेक अंश करून पाठवितो. तिसरा आंकडा जात असतां चिपकडून ५३ परत आला, तर तिनें हांक ओळखली असें समजावें. मग तिची खूण विचारावी. एटीमेगा ३२८पीची खूण १ई, ९५, ०एफ अशी आहे. हीं तीन उत्तरें जुन्या संगणकाच्या पडद्यावर उमटलीं म्हणजे सर्व तारा, सर्व दाब व सर्व हिशेब बरोबर आहेत, ह्याची पावती मिळाली. एक सावधगिरी ठेवावी : कारखान्यांतून आलेली ही चिप सेकंदास दहा लक्ष ठोक्यांनीं चालते आणि तालाची प्रत्येक बाजू तिला दोन ठोक्यांहून अधिक काळ लागते. पोर्टावरील एक लेखन सुमारें एका मायक्रोसेकंदांत आटोपतें. म्हणून आज्ञावलीनें मुद्दाम थोडें थांबत गेलें पाहिजे. उतावळेपणा येथें दाबाइतकाच घातक आहे.

आतां वडील मंडळींनीं स्वतः पाहावयाची गोष्ट, म्हणजे अर्थिंग. संगणकाच्या वीजपुरवठ्यांत दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन्ही तारांपासून पेटीच्या पत्र्याकडे जोडलेले असतात. भिंतींतील तिसऱ्या भोंकास जमिनीची तार खरोखर पोहोंचलेली असेल तर त्यांचा उपद्रव नाहीं. ती नसेल, किंवा दोन पिनांची तडजोड केलेली असेल, तर पत्रा आपल्या २३० व्होल्टांच्या सुमारें निम्म्यावर तरंगत राहतो. हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटतें तें ह्यामुळें. हा प्रवाह फार थोडा असतो; परंतु केबल जोडतांना तो चिपच्या एखाद्या पायांतून वाट काढूं पाहील तर चिप त्याच क्षणीं संपते; आणि तिसरी तार तुटकी असणें हें माणसासही धोक्याचें आहे. म्हणून जुना संगणक माळ्यावरून उतरविण्यापूर्वीं तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावें. चिपची फळी भिंतीच्या विजेवर न चालवितां दोन सेलांवरच चालवावी. म्हणजे तिचा भिंतीशीं दुसरा संबंध उरत नाहीं. दोन्ही यंत्रें बंद असतां केबल लावावी, नंतर संगणक सुरू करावा, आणि सेल सर्वांत शेवटीं बसवावे. काढतांना क्रम उलटा.

बाजारांत यूएसबीवरून पॅरलल पोर्ट देणारी जी केबल मिळते, ती ह्या कामास घेऊं नये. ती प्रिंटरापुरतीच असते; तिच्यांत ३७८ हा पत्ता नाहीं व एकेक तार हालविण्याची मुभा नाहीं. संगणकाच्या आंत बसविण्याचें कार्ड चालतें, पण त्याचा पत्ता निराळा असतो. विंडोज एक्सपी व त्यानंतरच्या आवृत्त्या साध्या आज्ञावलीस पोर्टास हात लावूं देत नाहींत, त्यासाठीं निराळा ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्समध्यें ह्याची सोय मुळांतच आहे.

आतां सरळ प्रश्न. यूएसबीवर चालणारीं अशीं साधनें आज थोडक्या पैशांत मिळत असतां हा खटाटोप कशास ? ज्यास केवळ चिपमध्यें आज्ञावली भरावयाची आहे, त्यानें तेंच साधन घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ज्यास आंत काय चालतें हें जाणावयाचें आहे, त्यास माळ्यावरचा हा संगणक विनाखर्चाची प्रयोगशाळा आहे. तो बिघडला तरी घरचें कोणतेंही काम अडत नाहीं, आणि त्यावर शिकलेला हिशेब पुढें कोणत्याही नव्या यंत्रास लागू पडतो : दोन यंत्रांची गांठ घालण्यापूर्वीं प्रत्येकाचें बोलणें किती व्होल्टांचें व सोसणें किती व्होल्टांचें हें माहितीपत्रांतून काढून कागदावर समोरासमोर लिहावें.

तेव्हां मुलानें परवानगी मागितली, तर आजोबांनीं अथवा काकांनीं तो कागद दाखवावयास सांगावें. त्यावर हे आंकडे नीट मांडलेले असले आणि अर्थिंग तपासून झालें असलें, म्हणजे माळ्याची शिडी धरावयास घरांतील कोणीही उभें राहण्यास हरकत नाहीं.